देव्हाऱ्यातला राउटर

या, अशा जवळ या. मागं भिंतीला टेकून बसलेल्यांनी पुढं सरकावं, दारात उभं असलेल्यांनी चपला काढून आत यावं. जवळ बसा म्हणतो ते निव्वळ आदरातिथ्य नाही. मधे एक भिंत आली की पलीकडे काय पोचतं आणि काय पोचत नाही, याचा मला नुकताच इतका दांडगा अनुभव आलाय की हल्ली मी भाजीवाल्याशीसुद्धा त्याच्या गाडीला हात लावूनच बोलतो. बसलात? मग ऐका. गोष्ट एका राउटरची आहे. मी आजवर कीर्तनात पुष्कळ आख्यानं ऐकली. त्यांत राक्षस आले, शाप आले, वनवास आले. राउटर मात्र कुठल्याच बुवांनी लावला नव्हता. तो माझ्या वाट्याला आला.

माझी थोरली बहीण कमळअक्का. वडप्याच्या पलीकडे तिचं सासर आहे, तिथं ती असते. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन भिवंडीत झालं, म्हणून तिला आमच्या घरी आणलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की मी सांगेपर्यंत या बाईंना जागचं हलवायचं नाही. दवाखान्यात असतो तसला लोखंडी पलंग भाड्यानं आणला, तो मागच्या खोलीत नेऊन तिथंच जोडला, आणि अक्काला त्यावर निजवल्यानंतर माझी बायको माधवी दाराकडे बघत म्हणाली की हा आता दारातून बाहेर येणार नाही. तिला अशा गोष्टी बरोबर दिसतात, फक्त होऊन गेल्यावर दिसतात.

तर अक्का हलणार नाही, पलंग हलणार नाही, आणि ती मागची खोली म्हणजे काय सांगू. एका अंगाला खालच्या अन्सारीचाचांच्या कापड विणायच्या लूमच्या शेडचे पत्रे, दुसऱ्या अंगाला जिना, आणि आमच्या बाजूला जुन्या बांधकामाची हातभर जाड भिंत. तिथं फोन नेला की त्याची रेंज जाते ती जातेच. आमच्या घरात मोबाइलवर बोलायचं तर पुढच्या गॅलरीत, तेही कठड्याला पोट लावून. माझ्या सगळ्या खाजगी गोष्टी त्यामुळे गल्लीला पाठ आहेत.

आता इकडं लक्ष द्या, पुढचं सगळं यावर उभं आहे. अक्काच्या गावात दरवर्षी माघात सप्ताह बसतो, मीही जातो, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन रामनाथबुवांचं. त्या कीर्तनात सगळे गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात, बुवा एकेकाच्या फडक्यात काय आहे ते सांगत जातात, आणि सगळ्यांच्या मागं लाजून बसलेल्या एका लंगड्या पोरापाशी येतात. "आणि याच्या फडक्यात काय होतं?" असं म्हणून बुवा थांबतात. मग पहिल्या ओळीतून आमची अक्का खणखणीत आवाजात सांगते, "तांदळाची शिळी भाकर, बुवा." बुवा मान हलवतात, "बरोबर" म्हणतात, आणि मृदंग सुरू होतो. फार वर्षांपूर्वी बुवांना तिथं खरंच पुढचं आठवेना, तेव्हा नव्यानं नांदायला आलेल्या अक्कानं न राहवून सांगून टाकलं होतं. सासऱ्यानं डोळे वटारले, पण बुवांनी मांडवात सगळ्यांसमोर तिला हात जोडले. तेव्हापासून बुवा दरवर्षी तिथंच विसरतात आणि अक्का दरवर्षी सांगते. गावात दुसरं कुणीही ते उत्तर देत नाही. तो अक्काचा मान.

यंदा बुवांच्या घशानं दगा दिला. हे शेवटचं कीर्तन, यानंतर आपण गादीवर उभं राहणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सप्ताह कमिटीनं मग ते फोनवर थेट दाखवायचं ठरवलं. बुवा कसेबसे तयार झाले, पण एका अटीवर. कीर्तन साठवायचं नाही. कीर्तन ताटात वाढलेलं जेवण आहे, ते डब्यात भरून घरी न्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ऐकायचं तर त्याच घटकेला ऐकायचं, चुकलं ते चुकलं.

हे कळल्यावर मी छाती पुढं काढून अक्काला शब्द दिला की तू पलंगावर पडल्या पडल्या बुवा तुला दाखवतो.

अक्का म्हणाली, "मला दिसला न्हाय तरी चालंल रं दामू. ऐकू आला पायजे."

एवढी साधी मागणी. आणि इथून माझ्या दैन्याला आरंभ होतो.

आमच्याकडे इंटरनेट होतं. केबलवाल्या प्रितमनं पुढच्या खोलीत एक लहानशी डबी भिंतीला लावून दिली होती. तिची शक्ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. उंबरा ओलांडला की संपलं. प्रितमनं येऊन डबीकडे दयेनं पाहिलं आणि सांगितलं की काका, नवा राउटर घ्या, फार महागातला नको, साधा बघा, पण जरा दमाचा. दमाचा म्हणजे कसा, हे विचारेपर्यंत तो जिना उतरून गेलाही होता. केबलवाल्याचं दर्शन आणि प्रसाद एकाच वेळी मिळत नाही.

मग मी चार लोकांना विचारलं. माणसानं आयुष्यात पुष्कळ चुका कराव्यात, पण राउटरबद्दल चार लोकांना विचारू नये. अन्सारीचाचा म्हणाले, "दामूभाई, अँटिना गिनके लो. जितनी अँटिना उतनी ताकद. दोनवाला तर माझा नातू पण हसेल." समोरच्या मेघालीताईंनी सांगितलं की अँटिना अजिबात नको, बिनअँटिनेचा घ्या, तो दिसायला बरा, त्यांच्या माहेरी तोच आहे. त्यांचं माहेर एका खोलीचं आहे हे त्यांनी सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले की लहरींमुळे केस जातात. ते डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, त्यामुळे मला उलट विचारता आलं नाही.

अखेर बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मला घराचं क्षेत्रफळ विचारलं, भिंती किती, घरात फोन किती, असं स्थळ बघायला आल्यासारखं सगळं विचारून घेतलं आणि मग सांगितलं की काका, यात दोन तऱ्हेच्या लहरी असतात. एक दोन पॉइंट चारची, ती हळू चालते पण भिंतीपलीकडे जाते. दुसरी पाचची, ती सुसाट, पण भिंत आली की बसते. मला हे तत्काळ उमगलं. मी असे दोन्ही तऱ्हेचे कीर्तनकार ऐकले आहेत. एक पहिल्या ओळीला डोलायला लावतो आणि मांडवाच्या टोकाला नुसती धूळ पोचते. दुसरा संथ बोलतो, पण मागं चुलीपाशी भांडी घासणाऱ्या बायांचेसुद्धा डोळे भरून येतात. मी त्याला म्हटलं, मला तो संथवाला द्या. तो म्हणाला, दोन्ही एकातच येतात. मग हा सगळा परमार्थ सांगितला कशाला, हे मी मनातच म्हटलं.

दुकानातला भाव ऐकून मी पाणी मागितलं. माधवीनं घरी फोनवर शोधलं तर तोच, चार अँटिनांचा, पुष्कळ स्वस्तात मिळत होता. त्या चारांतल्या दोन नुसत्या शोभेच्या असाव्यात असा मला आजही संशय आहे. पण चाचांचं समाधान आणि आमचा खिसा, दोन्ही राखले जात होते. गॅलरीच्या कठड्याला पोट लावून ऑर्डर दिली.

आता तुम्ही भिवंडीचे असाल तर पुढचं सांगायला नको. नसाल तर ऐका. अख्ख्या देशाच्या घरात जे खोके जातात, ते आमच्या राहनाळ-वडप्याच्या गोदामांतून जातात. जिथं भात पिकायचा तिथं आता पत्र्याची छपरं आहेत आणि त्यांखाली जगातली प्रत्येक वस्तू आहे. अक्काचा मुलगा मनोज वडप्याच्या अशाच एका गोदामात शिफ्टला असतो. ऑर्डर दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आईला भेटायला आला आणि म्हणाला, "मामा, तुझा खोका मीच भरला. नाव बघून चिकटपट्टी दोनदा मारली."

मला भरून आलं. म्हटलं, मग येतानाच घेऊन यायचास. तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी देवळाच्या दानपेटीत हात घालायला सांगितलं होतं. खोका गोदामातून माणसाच्या हातून बाहेर जात नाही, गाडीतून जातो, आणि गाडी कुठं जायची ते कॉम्प्युटर ठरवतो. कॉम्प्युटरनं ठरवलं की भिवंडीचा खोका आधी नाशकाला जाईल. तिथून तो पुण्याला गेला. का गेला, हे त्याचं त्याला माहीत. माधवी रोज गॅलरीतून मला त्याचा मुक्काम वाचून दाखवायची. सीतेच्या शोधाला गेलेल्या वानरांची खबर कुणी एवढ्या आतुरतेनं घेतली नसेल.

मधे एकदा न राहवून मी रिक्षानं त्या गोदामाच्या फाटकावर गेलो. म्हटलं, साहेब लोकांना समजावून सांगू, घरात आजारी माणूस आहे. फाटकावरच्या गार्डनं विचारलं, "आप वेंडर हैं कि ड्रायव्हर?" मी म्हटलं, मी गिऱ्हाईक. त्यानं रजिस्टर बंद केलं. "कस्टमर इधर नहीं आता, अंकल. कस्टमर घर पे रहता है." एवढं नेमकं तत्त्वज्ञान मी पोथीतही ऐकलेलं नाही. मी घरी जाऊन कस्टमर झालो.

खोका शेवटी दारात आला तो दुपारी. आणणाऱ्या माणसानं फोनवर येणारा नंबर मागितला. नंबर गॅलरीत येतो, दार जिन्याकडे आहे. मी गॅलरीत गेलो, कठड्याला पोट लावलं, माधवीच्या फोनवर नंबर आला, फोन तिच्याच हातात ठेवून आकडे पाठ करत दारापर्यंत आलो तर मधे अक्कानं पाणी मागितलं. पाणी देऊन आलो आणि मधले आकडे गेले. पुन्हा गॅलरीत. परत आलो तोवर माणूस जिन्यावर नव्हता, आणि माधवीच्या फोनवर मजकूर झळकला की ग्राहक घरी आढळला नाही. मी, जो गार्डच्या आज्ञेवरून घरीच राहत होतो. अन्सारीचाचांनी शेडमधल्या एका पोऱ्याला सायकलवर पिटाळलं आणि त्या माणसाला नाक्यावरून परत आणवलं, म्हणून खोका मिळाला. सप्ताह दोन दिवसांवर आला होता.

आणि आता मी माझ्या श्रद्धेनं काय केलं ते ऐका.

भिवंडीत कुठलंही यंत्र नारळाशिवाय सुरू होत नाही. नवा लूम बसवला की हळदकुंकू, हार, नारळ, मग बटण. अन्सारीचाचासुद्धा आपल्या पद्धतीनं दुवा मागून पेढे वाटतात. आतून अक्काची हाक आली, "पयली पूजा कर रं, मंग चालू कर." मला सांगायची गरजच नव्हती. मी आंघोळ करून सोवळं नेसलो. पण पाटावर ठेवून पूजा करणं मला कमी वाटलं. या यंत्रातून आमच्या घरी कीर्तन येणार, बुवांचा शेवटचा शब्द येणार. त्याची जागा कुठं? देव्हाऱ्यात. आमचा देव्हारा जर्मन सिल्व्हरचा आहे, रिटायर झालो तेव्हा हौसेनं घेतला, वर कळस, पुढं नक्षीची दारं. देवांच्या दिव्याचं बटण मागं होतंच. प्रितमला बोलावून वायर तिथं आणवली. त्यानं तोंड उघडलं होतं, पण मी सोवळ्यात होतो आणि हातात अक्षता होत्या, म्हणून मिटलं. बाळकृष्णाच्या उजव्या अंगाला राउटर ठेवला, गणपती बसवताना म्हणतो तो मंत्र म्हटला, कारण तेवढाच येतो, अक्षता वाहिल्या, चारी अँटिनांना कुंकू लावलं. नारळ मात्र बाहेर फोडला. तेवढं मला कळतं.

पूर्वी उंबऱ्यापर्यंत येणारं इंटरनेट त्या दिवसापासून देव्हाऱ्याच्या बाहेरच येईना. फोन बाळकृष्णाच्या पायाशी नेला की पूर्ण जोर, वीतभर मागं घेतला की काही नाही. दुपारी देवांची विश्रांती म्हणून दारं लावली की तेवढंही जायचं. मी दोन दिवस देवापुढं फोन धरून उभा. मेघालीताईंनी बिल्डिंगमध्ये सांगितलं की दामूकाका हल्ली देवाला व्हिडिओ दाखवतात.

प्रितम आला, कपाळाला हात लावला. "काका, मूर्ती पत्र्यात ठेवा, तिला काय होत नाही. याचा आवाज पत्र्याबाहेर येत नाही. काढा आधी बाहेर."

काढा म्हणे. बसवलेला देव असा उचलायचा? मी गुरुजींना फोन लावला. ते कुठल्याशा सत्यनारायणात होते, मागं घंटा वाजत होती. मंत्र कुठला म्हटला ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी कुणाला तरी घंटा थांबवायला सांगितली. मग म्हणाले की बसला तर मग. आता उत्तरपूजा केल्याशिवाय हलवू नका. मी म्हटलं, तुम्ही या. ते म्हणाले, लग्नसराई आहे, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात बुवांचं कीर्तन होऊन गेलेलं असणार होतं. प्रितम स्टुलावर उभा, हातात पकड, म्हणत होता की काका, मी डोळे मिटून उचलतो, पाप माझं. मी त्याला हात लावू देईना.

निकाल लावला अक्कानं. आतून म्हणाली, "दाम्या, देवाला सांग कमळीनं मागितलाय. तो माझ्यावर न्हाय रागवायचा. आजवर काय मागितलंय मी त्याच्याजवळ?"

 मीच उत्तरपूजा केली. निघताना गणपतीच्या हातावर दही ठेवायची आमच्याकडे रीत आहे. राउटरला हात नाही, म्हणून एका अँटिनेला दह्याचं बोट लावलं. मग अक्षता टाकून, पुन्हा ये म्हणून, तो जरासा उत्तरेला सरकवला आणि प्रितमच्या स्वाधीन केला. माधवी पदराआड हसत होती. मी तिला क्षमा केली आहे.

प्रितमनं तो पॅसेजमधल्या कपाटावर चढवला, अँटिना एकीकडे एक अशा वाकवल्या, आणि अक्काच्या खोलीत फोनवर दोन रेघा उमटल्या. दोनच, पण त्या हातभर जाडीच्या भिंतीतून आलेल्या. मी भिंतीला हात जोडले. सप्ताहाचे मधले दिवस आम्ही सराव केला. चित्र यायचं, बोलायचं, आणि मधेच कुणाचा हात वर, कुणाचं तोंड उघडं, असं थिजून राहायचं. प्रितमनं त्याचा उतारा शिकवला होता. स्टुलावर चढायचं, बटण बंद करायचं, चालू करायचं, चहाला उकळी येईपर्यंत थांबायचं. बहुतेक सगळी दुखणी यानं जातात, असं तो म्हणाला. मी त्यात इतका तरबेज झालो की चित्र थिजलं की माझा हात आपोआप बटणावर जायचा. म्हातारपणी एखादी विद्या आली की माणूस ती वापरायला टपलेला असतो.

काल्याचा दिवस उजाडला. माधवीनं अक्काला पडल्या पडल्या चांगलं लुगडं नेसवलं, कपाळाला बुक्का लावला. तुळशीची माळ होतीच. अक्कानं टाळ मागून छातीवर ठेवले. फोन पलंगाच्या कठड्याला बांधला. मेघालीताई आल्या, मास्तर आले, चाचांच्या बेगम ठकुबाईला सोबत घेऊन आल्या. ठकुबाई आमच्या दोन्ही घरी धुणंभांडी करते. आणि अन्सारीचाचांनी काय केलं असेल? ते वर येऊन म्हणाले, "आपा सुकून से सुने. लूम बंद करतो तासभर." आमच्या बिल्डिंगीत लूम बंद म्हणजे काय, ते बाहेरच्याला समजणार नाही. तो खडखडाट आमच्या कानात मुरलेला असतो. तो थांबला आणि सगळं घर एकदम परकं वाटलं. भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी माझ्या जागी, पॅसेजमध्ये स्टुलावर, एक हात कपाटाला, एक बटणाशी. उघड्या दारातून फोन दिसत होता.

बुवा उभे राहिले. आवाज पार बसलेला, पण शब्द तेच, चाल तीच. सुरुवातीला एकदा चित्र थिजलं, मी बटण दाबलं, पुन्हा आलं. अक्काच्या तोंडावर जे होतं ते मी बायकोला दाखवलं आणि तिनं मान हलवली. गोपाळ रानात आले. वडाखाली बसले. शिदोऱ्या सुटू लागल्या. कुणाची दहीपोळी, कुणाचे लाडू, कुणाचं लोणचं, बुवा एकेक फडकं उघडत होते आणि मांडव हसत होता. अक्काचा हात टाळावर गेला.

आणि बुवा थिजले.

बोट वर केलेलं, तोंड थोडं उघडं, डोळे समोर. मृदंगवाल्याचा हात हवेत. आवाज नाही, काही नाही. खोलीत कुणी हललं नाही. लूमही बंद. मी मनात नाम घेतलं. चित्र हलेना. अजून थोडं थांबलो.  शेवटचं कीर्तन, ऐन काल्याला, आणि ही चार अँटिनांची अवदसा. मी बटण दाबलं.

त्याच वेळी आतून अक्काचा आवाज आला, सगळी बिल्डिंग ऐकेल असा. "तांदळाची शिळी भाकर, बुवा."

आणि फोन काळा झाला.

मायबाप, मी त्या स्टुलावर उभा होतो तो उतरलोच नाही. राउटरचा दिवा लाल झाला, मग लुकलुकला, मग हिरवा झाला. खोलीत कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. एवढी शालीनता मला सोसली नाही. चहाला उकळी येऊन तो आटला असता एवढ्या वेळानं चित्र आलं. मांडवात एक माणूस सतरंजी गुंडाळत होता. मग तेही गेलं.

अक्कानं टाळ बाजूला ठेवले. "दाम्या, तो अडकला न्हवता. माझी वाट बघत व्हता."

  वर्षानुवर्षं मी त्याच मांडवात बसून ती शांतता ऐकली आहे. मला ती ओळखू आली नाही, आणि लाल दिवा ओळखता आला.

"खाली उतर," अक्का म्हणाली. "पडशील. मंग तुला कुठं निजवायचा? पलंग एकच हाय."

दुसऱ्या दिवशी मनोज काल्याचा प्रसाद घेऊन आला. आईच्या हातावर ठेवला आणि उत्साहानं सांगायला लागला. कीर्तनाआधी तो बुवांच्या पाया पडला होता, आई फोनवर ऐकतेय म्हणून सांगितलं होतं. बुवांनी विचारलं, "म्हणजे ती तिकडून बोलली तर इकडं येईल?" मनोज घाईत होता, हो म्हणाला. आणि बुवा थांबले ते थांबलेच. दरवर्षी थांबतात त्याच्या कितीतरी पट. सगळा मांडव चिडीचूप. कमिटीचे लोक चुळबुळ करायला लागले, बुवांना चक्कर आली की काय म्हणून एकजण उठला. बुवांनी त्याला हातानं खाली बसवलं. ते पहिल्या ओळीकडे बघत होते. "तुझी जागा मोकळी ठेवली होती, आई," मनोज म्हणाला. मग त्यांनी मान हलवली, "बरोबर" म्हणाले, आणि मृदंग सुरू झाला.

"काय ऐकू आलं त्याला?" अक्कानं विचारलं.

मनोजला ठाऊक नव्हतं. विचारणार कुणाला? बुवांना डॉक्टरांनी बोलायची बंदी केली आहे. मनोज म्हणाला, तुमच्याकडून आवाज आला असेल बहुतेक. त्या वेळी राउटर बंद होता हे मी त्याला सांगितलं नाही. माधवीनं सांगितलं. शिवाय त्या यंत्रातून आपलं बोलणं तिकडं जात नाही, नुसतं त्यांचं इकडं येतं, हेही तिनंच सांगितलं.

अक्कानं हातातल्या प्रसादाचे दोन भाग केले. मी दारात. माझ्या तोंडाकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं प्रसादातला अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"मी बोलले. तो थांबला," ती म्हणाली. "मधलं तेवढं काम तुझं व्हतं."

राउटर अजून कपाटावर आहे. चांगला चालतो. लूमचा खडखडाट सुरू असला तरी चालतो. मेघालीताई, मास्तर, चाचांचा नातू, सगळे त्यावर जगतात. अक्का आता काठीनं चालते आणि गावी परत गेली आहे. मागच्या खोलीत पलंग तेवढा राहिला होता, तो पुन्हा सुटा करून बाहेर काढावा लागला.

तर माझं एवढंच मागणं आहे. कधी कुठल्या मांडवात बसाल, आणि बोलता बोलता बुवा थांबतील, तर खोकू नका. फोन काढू नका. काही बिघडलं म्हणून उठू नका. पहिल्या ओळीत एक जागा मोकळी दिसली तर तिकडं बघा आणि आमच्या कमळअक्काची आठवण ठेवा. आणि फारच वेळ कुणी काही बोललं नाही, तर तुमच्यापैकी कुणीतरी सांगून टाका, तांदळाची शिळी भाकर, बुवा. जरा मोठ्यानं सांगा. मधे भिंत असते.